प्रस्तावना : हात आखडता घेण्याची विद्या

लिम्फोमाच्या रुग्णाला रेडिएशनबद्दल एकाच आठवड्यात दोन उलटे सल्ले मिळू शकतात. एक डॉक्टर सांगतात, केमो झाली, आता तीन आठवडे शेक घ्या. दुसरे, तितकेच अनुभवी, फाइल चाळून म्हणतात, काही गरज नाही. घरच्यांना वाटतं, दोघांपैकी एकाला यातलं कळत नाही, किंवा एकाला मशीनचे हप्ते फेडायचे असावेत. बहुतेक वेळा या दोन्ही शंका निराधार असतात. दोन्ही सल्ले शास्त्राला धरून असू शकतात, आणि तसं का, हे घरातल्या माणसांना समजेल अशा मराठीत सांगता यावं म्हणून हे पुस्तक लिहिलं.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मानेत, काखेत, जांघेत, छातीच्या मधोमध, पोटात पाठीच्या कण्याला लागून ज्या लसिका ग्रंथी असतात, तिथे तो बहुधा सापडतो. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन ही त्याची ढोबळ वाटणी. दुसऱ्या नावाखाली डझनावारी वेगवेगळे आजार येतात. काही वर्षानुवर्षं निवांत बसून राहतात, काही पंधरवड्यात श्वासनलिका दाबतात. पण किरणांपुढे यातले बरेचसे हळवे. किरण पेशीतला डीएनए तोडतात. बहुतेक कॅन्सरांच्या पेशी तुटक्या डीएनएसकट काही काळ रेटत राहतात आणि विभाजनाची वेळ आली की मरतात. लिम्फोसाइट मात्र विभाजनाची वाट न बघता काही तासांतच स्वतःला संपवू शकते. म्हणून तोंडाच्या कॅन्सरला ६० ते ७० ग्रे डोस लागतो, तिथे लिम्फोमात बऱ्याचदा २० ते ३० ग्रेमध्ये काम होतं. (ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणांचं माप. रोजच्या एका बैठकीत साधारण दोन ग्रे दिले जातात.) एका प्रकारात तर चार ग्रेसुद्धा पुरतात. त्याबद्दल पुढे.

हा हळवेपणा फार लवकर लक्षात आला होता. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदन करणाऱ्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली ग्रंथी आणि प्लीहा सुजून मेलेल्या सात जणांची हकिगत प्रसिद्ध केली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. तेहतीस वर्षांनी सॅम्युएल विल्क्स यांनी या आजाराला हॉजकिनचं नाव दिलं. रोंटगेनना क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, आणि १९०२ मध्ये शिकागोचे त्वचारोगतज्ज्ञ विल्यम प्यूसी यांनी हॉजकिनच्या गाठींवर ते वापरून पाहिल्याचं लिहिलं. मानेवरच्या मोठाल्या गाठी डोळ्यांदेखत बसत गेल्या. त्या काळात कॅन्सरवरचा कुठलाही इलाज इतका झटपट दिसत नव्हता.

मग काही महिन्यांनी गाठी परत आल्या. कधी तिथेच, कधी शेजारी. तेव्हाची यंत्रं अशक्त होती. किरण खोलवर पोचण्याआधीच कातडी भाजून निघायची, आणि डॉक्टर दिसेल तेवढ्याच गाठीवर मारा करायचे. आजार सुप्तपणे शेजारच्या ग्रंथींत गेलेला असायचा, तो तसाच राहायचा. यातून एक समज घट्ट बसला की हॉजकिनमध्ये रेडिएशनने चार दिवसांचा आराम मिळतो, माणूस वाचत नाही. पाठ्यपुस्तकांतही हेच लिहिलेलं. जिनिव्हाचे रेने जिल्बेर यांनी १९२०च्या दशकापासून सांगायला सुरुवात केली होती की निरोगी दिसणाऱ्या शेजारच्या ग्रंथींनाही किरण द्या. पण एकट्यादुकट्याच्या अनुभवाने पाठ्यपुस्तकं बदलत नसतात. त्यासाठी कुणीतरी जुन्या फाइली उपसायला लागतात.

ते काम टोरंटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी केलं. या पुस्तकातलं माझं सगळ्यात आवडतं माणूस तेच, त्यामुळे इथे थोडं रेंगाळतो. त्यांच्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा तिच्यावर उपचार करणारे गॉर्डन रिचर्ड्स हेच पुढे व्हेरा यांचे गुरू झाले. रिचर्ड्स हॉजकिनच्या रुग्णांना इतरांपेक्षा जास्त डोस देत आणि लगतच्या ग्रंथीही किरणांच्या टापूत घेत. त्यांना वाटत होतं की आपले काही रुग्ण चक्क बरे होत आहेत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पीटर्सना सांगितलं, मागच्या सगळ्या नोंदी काढून बघ. पीटर्सनी १९२४ ते १९४२ या काळातल्या ११३ रुग्णांचे कागद तपासले. आजार किती भागांत पसरला होता त्यावरून त्यांचे तीन टप्पे पाडले. १९५० साली आकडे छापून आले. आजार एकाच ठिकाणी असलेल्या रुग्णांपैकी ७९ टक्के दहा वर्षांनंतर जिवंत होते.

दहा वर्षांनंतर जिवंत! ज्या आजाराला वैद्यकविश्व असाध्य म्हणत होतं, त्यात. रिचर्ड्स हे छापलेलं बघायला उरले नव्हते. पीटर्सच्या आकड्यांवर लोकांचा विश्वास बसायला बरीच वर्षं गेली. त्या तरुण होत्या, बाई होत्या, आणि त्यांचा पुरावा हा जुन्या फाइलींचा होता. यातलं कुठलं कारण किती वजनाचं, याचा निवाडा वाचकांनी करावा. माझं मत मी लपवणार नाही: तिसरं कारण शास्त्रीय होतं आणि पहिली दोन सोयीची.

पुढचं नाव स्टॅनफर्डच्या हेन्री कॅप्लन यांचं. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे आज जिल्ह्याच्या ठिकाणीही लोक ज्याला नुसतं लिनॅक म्हणतात ते यंत्र, लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात १९५३ पासून वापरात होतं. कॅप्लननी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड गिन्झ्टन यांच्या साथीने अमेरिकेत ते उभं केलं आणि १९५६ मध्ये पहिला रुग्ण घेतला. तो लिम्फोमाचा नव्हता, डोळ्याच्या कॅन्सरचं एक लहान मूल होतं. पण जास्त शक्तीचे किरण कातडी न भाजता खोलवर नेता येतात म्हटल्यावर कॅप्लनची नजर हॉजकिनकडे वळली. १९६२ पासून सॉल रोझेनबर्ग यांच्यासोबत त्यांनी रुग्णांच्या तुलनात्मक चाचण्या सुरू केल्या, आणि शरीराच्या नकाशावर भलेमोठे टापू आखले. हनुवटीपासून छातीच्या पडद्यापर्यंतच्या टापूला म्हणत ‘मँटल’, म्हणजे खांद्यावरून घेतलेला अंगरखा. त्यात दोन्ही बाजूंची मान, दोन्ही काखा, छातीचा मधला भाग सगळं येई. फुप्फुसांच्या आकाराचे शिशाचे ठोकळे मध्ये ठेवून तेवढा भाग झाकत. पोटाकडच्या टापूचा आकार उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखा. प्रत्येक टापूला डोस ४० ते ४४ ग्रे. मानेच्या मागचे केस गळायचे, घसा सोलवटायचा, जिभेची चव जायची. पण विशी-पंचविशीतली मुलंमुली, ज्यांच्या घरी निरोप घ्यायची तयारी सुरू झाली होती, ती कॉलेजात परत गेली, त्यांची लग्नं झाली. कॅप्लन हट्टी होते, त्यांचे सहकारी त्यांना वचकून असत, आणि पीटर्सचं श्रेय त्यांनी किती मोकळेपणाने दिलं यावर अजून बोललं जातं. तरी हॉजकिन बरा होतो हे जगाच्या गळी उतरवलं ते त्यांनीच.

या टप्प्यावर गोष्ट संपली असती तर हे पुस्तक छोटं झालं असतं. बरी झालेली मुलंमुली चाळिशी-पन्नाशीत पोचली आणि वेगळेच आजार घेऊन दवाखान्यात यायला लागली. मँटलच्या टापूत कोवळ्या वयाच्या मुलींचे स्तन होते, प्रत्येकाचं हृदय होतं, थायरॉइड होती. अगदी कमी वयात स्तनाचा कॅन्सर, मधुमेह नाही की बिडी-सिगारेट नाही तरी हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या, झडपा कडक झालेल्या, थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर. नेदरलँड्समध्ये १९६५ ते २००० या काळात हॉजकिनचे उपचार घेतलेल्या ३,९०५ जणांचा माग काढून २०१५ साली जो अभ्यास छापला गेला, त्यात चाळीस वर्षांच्या अवधीत दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण ४८.५ टक्के निघालं. सर्वसाधारण लोकांत त्याच वयोगटात ते १९ टक्के होतं. सगळा दोष रेडिएशनचा नव्हता, काही जुन्या केमोचाही होता. पण मोठा वाटा किरणांचा.

हा आकडा वाचून पुस्तक मिटू नका, अशी विनंती आहे. तो ज्या रेडिएशनचा आहे ते आज कुणी देत नाही.

बदल दोन वाटांनी आला. पहिली वाट केमोची. व्हिन्सेंट डेव्हिटा यांच्या गटाने अमेरिकेत १९६४ मध्ये चार औषधांचं एकत्र मिश्रण वापरायला घेतलं, मिलानच्या जान्नी बोनादोन्ना यांनी १९७५ मध्ये एबीव्हीडी नावाचं दुसरं मिश्रण पुढे आणलं, आणि तेच आजही आपल्याकडे घरोघरच्या फाइलींत दिसतं. औषध सगळ्या शरीरभर फिरतं, तेव्हा न दिसणाऱ्या गाठींची जबाबदारी त्याने उचलली. किरणांचा टापू सुजलेल्या भागापुरता, आणि पुढे पेट स्कॅनवर मुळात जिथे आजार होता तेवढ्याच जागेपुरता आकसत आला. आता मँटलच्या आठवणीने जे घाबरवतात त्यांना हे दाखवायला हवं: आज मानेच्या एका बाजूच्या गाठीसाठी किरण घेणाऱ्या मुलीच्या स्तनांना नाममात्र डोस पोचतो.

दुसरी वाट हिशेबाची. जर्मनीच्या हॉजकिन अभ्यासगटाने एचडी-१० या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या, धोक्याची लक्षणं नसलेल्या १,३७० रुग्णांचे चार गट केले. केमोच्या चार फेऱ्या की दोन, रेडिएशन ३० ग्रे की २०. २०१० साली निकाल आला: दोन फेऱ्या आणि २० ग्रे, एवढं पुरतं. म्हणजे दोन ग्रेची एक बैठक धरली तर पंधराऐवजी दहा. पाश्चात्त्य वाचकाला हा फरक किरकोळ वाटेल. गोंदियाहून परळला येणाऱ्या कुटुंबासाठी तो मुंबईतला एक पूर्ण आठवडा असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली जागा, रुग्णासोबत आलेल्या भावाची बुडालेली मजुरी, गावी शेजारणीकडे ठेवलेली पोरं, या सगळ्यातला एक आठवडा.

आणि मग प्रश्न आला: २० कशाला, शून्य का नको? ब्रिटनमधल्या ‘रॅपिड’ चाचणीने तो विचारला. तीन केमो झाल्यावर पेट स्कॅन स्वच्छ आला तर निम्म्या रुग्णांना रेडिएशन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. तीन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले पहिल्या गटात ९४.६ टक्के, दुसऱ्यात ९०.८. जिवंत राहण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही, कारण ज्यांचा आजार उलटला त्यांना पुढचे उपचार मिळाले. सुरुवातीला ज्या दोन डॉक्टरांचा उल्लेख केला, त्यांचं भांडण या चार टक्क्यांवर आहे. शंभरातल्या चौघांचा आजार उलटू नये म्हणून उरलेल्या नव्वद-एक जणांच्या छातीतून किरण न्यायचे का? पंचविशीतली मुलगी आणि छातीत गाठ असेल तर मी ‘नको’कडे झुकतो. साठीचे गृहस्थ आणि मानेत गाठ असेल तर ‘घ्या’कडे. तीस वर्षांनंतरची भीती त्यांना तितकी लागू नाही.

पण आपल्याकडे या हिशेबात आणखी एक रकाना भरावा लागतो, जो ब्रिटनच्या चाचणीत नव्हता. रेडिएशन टाळायचं तर पेट स्कॅन वेळेवर आणि नीट वाचलेला हवा. आजार उलटलाच तर जास्त ताकदीची केमो आणि स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण परवडायला हवं, आणि रुग्ण तपासणीला परत यायला हवा. जो माणूस दुसऱ्या पेट स्कॅनसाठी पुन्हा कर्ज काढू शकणार नाही, त्याच्यासाठी दहा बैठकांचा छोटा शेक हाच जास्त सुरक्षित सौदा असू शकतो. परदेशातला लेख छापून आणून ‘हे बघा, आता देत नाहीत’ म्हणणाऱ्या मुलाला हे समजावणं अवघड जातं, पण समजावायला हवं.

आपल्याकडची दुसरी अडचण रेडिएशनच्या फार आधी सुरू होते. मानेतली गाठ म्हटली की आधी टीबीचा संशय. तो चुकीचा नाही, टीबी आपल्याकडे खरंच जास्त आहे. चूक होते ती बायोप्सीशिवाय एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून सहा महिने वाट बघण्यात. सुईने काढलेल्या चार पेशींवर लिम्फोमाचा प्रकार बहुधा ठरत नाही, आख्खी गाठ किंवा तिचा चांगला तुकडा लागतो. हॉजकिनमध्ये तर गाठीचा मोठा भाग साध्या दाहाच्या पेशींनी भरलेला असतो आणि रीड-स्टर्नबर्ग या मूळ दोषी पेशी त्यात मोजक्याच विखुरलेल्या असतात. सुई त्यांना सहज चुकते. या वाट पाहण्यात पहिल्या टप्प्याचा आजार तिसऱ्यात जातो, आणि मग वर सांगितलेल्या कुठल्याच चाचणीचे गोड आकडे त्या रुग्णाचे उरत नाहीत.

हॉजकिनबद्दल इतकं लिहिलं, कारण त्याचा इतिहास सर्वांत चांगला नोंदला गेला आहे. नॉन-हॉजकिनच्या प्रकारांना पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत, इथे फक्त चुणूक. फॉलिक्युलर लिम्फोमा एकाच भागात असेल तर २४ ग्रेने तो वर्षानुवर्षं, काहींचा कायमचाही, जातो. तोच आजार पसरलेला असून एखादी गाठ नुसती दुखत किंवा दिसत असेल तर दोन दिवसांत दोन-दोन ग्रे, झालं. हेच ते चार ग्रे. परिणाम २४ ग्रेइतका टिकाऊ नसतो, पण ऐंशीच्या आजींना दोन दिवसांत घरी पाठवता येतं. जठरातल्या एका लिम्फोमाचं मूळ हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूत असतं. तिथे आधी अँटिबायोटिक द्यायचं आणि त्याने भागलं नाही तरच किरण. वृषणातल्या लिम्फोमात केमोनंतर दुसऱ्या, चांगल्या वृषणालाही किरण द्यावे लागतात, कारण औषध तिथे नीट पोचत नाही. हे पुरुषांना सांगायला डॉक्टरही कचरतात. नाकातला एनके-टी प्रकार पूर्व आशियात जास्त, आपल्याकडे कमी, पण त्यात मुख्य उपचारच रेडिएशन आहे आणि तिथे हात आखडून चालत नाही, डोस ५० ग्रेच्या आसपास लागतो. कातडीच्या मायकोसिस फंगॉइडिसमध्ये रुग्णाला उभं करून वेगवेगळ्या पवित्र्यांत सगळ्या अंगावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकतात. तो कातडीच्या पलीकडे जात नाही. आणि अगदी अलीकडचा वापर: सीएआर-टी उपचारासाठी रुग्णाच्या पेशी प्रयोगशाळेत तयार होत असतात, तेवढे आठवडे वाढती गाठ किरणांनी थोपवून धरायची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या भारतीय सीएआर-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, त्यामुळे हा विषय आता परदेशापुरता उरलेला नाही.

वाचकाला सर्वांत जास्त उत्सुकता असते ती त्या खोलीत नेमकं काय होतं याची. पहिल्या दिवशी किरण नसतातच. मानेचा किंवा छातीचा उपचार असेल तर पांढऱ्या जाळीदार प्लॅस्टिकचा एक पत्रा गरम पाण्यात मऊ करून तोंडावरून खांद्यापर्यंत ओढतात. सुरुवातीला तो ओल्या गरम फडक्यासारखा लागतो, मग पाच-दहा मिनिटांत थंड होऊन कडक होतो. हाच रुग्णाचा मास्क. त्यावर नाव लिहून तो उपचार संपेपर्यंत कपाटात टांगून ठेवतात. मास्कसकट सीटी स्कॅन होतो, मग डॉक्टर आणि फिजिसिस्ट संगणकावर टापू आखतात, त्याला काही दिवस लागतात. छातीतल्या गाठीसाठी पुष्कळ ठिकाणी श्वास रोखायला शिकवतात. खोल श्वास घेतला की फुप्फुसं फुगतात, हृदय खाली सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बरंचसं बाजूला होतं. वीस सेकंद रोखायचा, सोडायचा, पुन्हा. घरी सराव केलेल्यांना हे सोपं जातं. प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचे. ते दिसत नाहीत, दुखत नाहीत, आणि घरी आल्यावर लहान मूल मांडीवर घ्यायला काही हरकत नसते. काही केंद्रांत अजून कोबाल्टची यंत्रं आहेत, भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन त्यातलंच. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, त्यामुळे जुन्या स्रोताखाली बैठक जरा लांबते. झोताची कडाही लिनॅकइतकी रेखीव नसते. तरुण रुग्णाच्या छातीसाठी पर्याय असेल तर लिनॅक मागावा, नसेल तर उपचार सोडू नये.

शेक म्हणजे माणूस अंथरुणाला खिळणार, असं घरोघरी धरून चालतात. कॅनडाचा आइस हॉकीपटू मारिओ लेम्यू याला १९९३ साली हॉजकिन झाला. २ मार्चला सकाळी त्याने शेवटची बैठक घेतली आणि त्याच रात्री फिलाडेल्फियात सामना खेळून गोल केला. हे उदाहरण अनुकरणासाठी नाही. दमणूक बहुतेकांना होते, गिळताना दुखतं, तोंड कोरडं पडतं. पण नोकरीवर जात उपचार पुरे केलेले लोक दुर्मीळ नाहीत.

उपचार संपल्यावर जो कागद हातात येतो, त्याबद्दल शेवटच्या प्रकरणात सविस्तर लिहिलं आहे, तरी इथेही सांगतो. ‘रेडिएशन दिले’ एवढ्या दोन शब्दांच्या डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नका. एकूण किती ग्रे, किती बैठका, कुठल्या तारखांना, शरीराच्या कुठल्या भागाला, हृदयाला आणि स्तनांना सरासरी किती पोचले, हे लिहून मागा. टापूचं रंगीत चित्र छापून मागा, ते फिजिसिस्टच्या संगणकावर तयार असतं. तिशीच्या आत छातीला किरण घेतलेल्या मुलीने साधारण आठ वर्षांनंतर स्तनांची नियमित तपासणी, शक्य तर एमआरआयसकट, सुरू करायची असते. त्या वेळी तिचे डॉक्टर बदललेले असतील, गाव बदललेलं असेल, कदाचित आडनावही. दवाखान्यातल्या फाइलीही जन्मभर जपल्या जात नाहीत. कागद लॅमिनेट करू नका, त्यावर पुढची नोंद करता येत नाही. झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, आणि मूळ प्रत जिथे घराची कागदपत्रं ठेवता तिथे ठेवा.